बिनमिरचीचा मासा

भिशीत लागलेला ओव्हन
तीन वर्षं फ्रिजवर बसून होता,
पोटात लाइटबिलं, शैलाचं जुनं ओळखपत्र,
आणि एक टॉर्च, जी पेटत नव्हती.
आज सगळं काढलं. पुसला.
आत एक मुंगी होती, तिला जायला वेळ दिला.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर शैलाचं तिखट बंद.
पोटात आतून जखम आहे.
हे ते नंदुरबारात म्हणाले,
जिथे हिवाळ्यात
गावाबाहेरच्या पथाऱ्या लालभडक होतात
आणि वारा फिरला की
शाळेतली पोरं ओळीनं शिंकतात.
आणि मला म्हणाले, मापाड्याला,
बावीस वर्षं मिरचीच्या गोण्या तोलणाऱ्याला.

मासा हिरकनबायकडून घेतला.
ती प्रकाश्याहून येते,
टोपलीवर ओलं गोणपाट.
"मरळ शे, भाऊ. सकायलेच धरेल.
रस्सा करा, कांदा-खोबरं भूंजीसन."
म्हटलं, रस्सा नाही. भाजायचाय, पांढराच.
ती माझ्याकडे बघत राहिली,
जसं कुणी सांगावं,
लग्न आहे पण वाजंत्री नाही.
मग राख चोळून साफ करून दिला
आणि दहा रुपये कमी घेतले,
आजाऱ्याचं जेवण म्हणून.

हात धुण्यात अर्धा तास गेला.
साबण. बेसन. आंबट ताक.
मग खोबरेल, मग पुन्हा साबण.
मिरची नखाच्या आत राहते,
तळहाताच्या रेषांत राहते.
पोरगी तान्ही होती तेव्हा
मी तिला कोपरांवर उचलायचो.

माशाला मीठ. अर्धं लिंबू.
लसणाच्या चार पाकळ्या ठेचून.
शेंगदाण्याचं तेल, चमचाभर.
आमच्याकडे एवढ्या तेलात
कढईचं बूडसुद्धा ओलं होत नाही.
हात सवयीनं काळ्या मसाल्याच्या डब्याकडे गेला.
मी डबाच उचलला
आणि बाहेर पाण्याच्या टाकीवर ठेवून आलो.

केळीचं पान मागच्या गल्लीतलं.
गॅसवर धरलं, तसं चमकलं, मऊ झालं.
माशाला गुंडाळून सुतळीनं बांधलं,
गोणीचं तोंड बांधतात तीच गाठ.
दुसरी येत नाही मला.

दोनशेवर, पंचवीस मिनिटं.
काचेतून बघत बसलो.
भरिताचं वांगं भाजताना
काट्या कडकडतात, धूर डोळ्यांत जातो,
कळतं की काहीतरी चाललंय.
इथे नुसता एक तांबडा दिवा आणि बारीक घूं.
स्वयंपाक आहे की एक्स-रे, समजेना.
मग पान करपल्याचा वास आला,
आणि त्याच्या मागून, संकोचत, माशाचा.
मला शिंक आली नाही.
या घरात काही शिजलं
आणि शिंक आली नाही, असं आठवत नाही.

साडेनऊला शैला आली,
सुरतची फेरी करून.
बॅग खुंटीला लावली, पाय धुतले.
"काय करी राह्यनात?"
मी सुतळी सोडली. वाफ.
आत मासा इतका पांढरा
की दार न वाजवता कुणाच्या खोलीत
शिरल्यासारखं वाटलं.

कळण्याची भाकरी मोडून
ती हळूहळू जेवली.
काटे ताटाच्या कडेला लावत गेली,
एकाशेजारी एक,
डेपोत चिल्लर मोजून ठेवते तशी.
मध्येच थांबली. ओठ आत ओढून हवा घेतली.
"मिरची टाकी का?"
"नही. आईशप्पथ नही."
"थोडीशी शे."
म्हणाली, आणि माझ्या बोटांकडे बघितलं,
भाकरीच्या टोपल्याशेजारी
उताणी पडलेल्या.

मग ताट पुढे केलं.
"शेपटीकडना तुकडा द्या."